सावित्रीने आधी काय मागितले?

(आमच्या संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या मेळाव्यात मी याआधी हुंड्यावर बोलले आहे, मारहाणीवर बोलले आहे, टाकून दिलेल्या बायकांच्या पोटगीवर बोलले आहे. आजचा विषय जरा वेगळा आहे. नवरा-बायकोपैकी एक जण कायमचा अंथरुणाला खिळला, तर त्या दोघांमधल्या प्रेमाचे, निष्ठेचे काय होते? विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकीने विचारले, "ताई, हा तर कीर्तनाचा विषय झाला. यात बायकांच्या हक्कांचे काय?" तिचा प्रश्न योग्य होता. हा विषय आजवर कीर्तनकारांच्याच ताब्यात राहिला, हीच अडचण आहे. आपण मारणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलायला शिकलो, सोडून जाणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलायला शिकलो. पडून असलेल्या नवऱ्याबद्दल किंवा पडून असलेल्या बायकोबद्दल बोलायची आपल्याला सवय नाही. तिथे आपण गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्यात घराघरातल्या बायका एकट्या पडतात.

मी हे बोलते आहे ते पुस्तकातून नव्हे. २०१२ साली माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. वाचा गेली म्हणजे समज गेली, असे मात्र नाही. बहुतेक माणसांच्या मेंदूत बोलण्याचे केंद्र डावीकडे असते. ते दुखावले की कळते बरेच काही, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. "पाणी" म्हणायचे असते आणि "दार" असे बाहेर पडते. मग माणूस चिडतो, रडतो, आणि बघणाऱ्यांना वाटते, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

आज मी जे सांगणार आहे ते त्याला विचारून सांगणार आहे. कोणत्या गोष्टी सांगू, अशी यादी त्याला वाचून दाखवली. बहुतेकांना त्याने मान हलवली. एका गोष्टीला नको म्हणाला. ती मी सांगणार नाही.

पहिल्या वर्षीचे काम काय होते ते ऐका. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. ते चुकले तर माकडहाडाशी, टाचांना, खुब्यावर जखमा होतात, आणि एकदा झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. भांडे द्यायचे, पुसायचे, कोरडे करायचे. भरवताना पाठीशी उशा लावून ताठ बसवायचे, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. लुळ्या हातापायाचा व्यायाम करून घ्यायचा, नाहीतर सांधे आखडतात. चादरी धुवायच्या. औषधांच्या वेळा सांभाळायच्या. आणि हे सगळे करून घर चालवायचे. मी नोकरी करत होते. आधी साठलेली रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली.

त्या वर्षभरात आमच्याकडे पुष्कळ माणसे येऊन गेली. प्रत्येकाने एकच वाक्य सांगितले, "तुम्ही अगदी सावित्री आहात हो." चहा घेऊन जात. "आज रात्री मी बसते, तुम्ही झोपा," असे म्हणणाऱ्या दोघीच निघाल्या. एक शेजारच्या वहिनी, दुसरी माझी नणंद. स्तुती करायला काही लागत नाही. झोप द्यायची तर स्वतःची मोडावी लागते.

तर या सावित्रीचाच आधी विचार करू. आपल्याकडे अपंग, आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांच्या तीन गोष्टी लहानपणापासून कानावर पडतात.

पहिली मार्कंडेय पुराणातली. प्रतिष्ठान नगरातला कौशिक नावाचा ब्राह्मण कुष्ठरोगी आहे. बायको त्याला न्हाऊ घालते, त्याची घाण काढते, आणि तो तिच्यावर खेकसतो. एकदा त्याला वेश्येकडे जायची इच्छा होते. चालता येत नाही, म्हणून बायको पैसे बरोबर घेते आणि त्याला खांद्यावर बसवून निघते. वाटेत सुळावर चढवलेल्या मांडव्य ऋषींना त्याचा पाय लागतो. ते शाप देतात, सूर्य उगवताच हा मरेल. ती म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. आणि सूर्य उगवत नाही. शेवटी देव अनसूयेकडे धावतात, ती समजूत घालते, कौशिक जिवंत होतो, तरुण आणि निरोगी होतो. बघा, या बाईजवळ सूर्य थांबवण्याची ताकद आहे. पण ती कशासाठी वापरायची, हे पुराणाने ठरवून टाकले आहे. त्या खांद्यांना काय वाटत होते, हे कुणी विचारत नाही.

दुसरी गांधारी. नवरा आंधळा म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ही गोष्ट आपल्याला त्यागाची म्हणून सांगतात. पण घरातला एक माणूस आंधळा असताना दुसऱ्याने डोळे बांधून घेतले, तर त्या घरात बघायचे कुणी? आंधळ्या नवऱ्याला डोळस बायकोचा उपयोग होता. आजही कित्येक बायका अशी पट्टी बांधून घेतात. तो जेवत नाही म्हणून ही अर्धपोटी राहते. तो बाहेर जाऊ शकत नाही म्हणून ही मैत्रिणीकडे जात नाही, सिनेमाला जात नाही, हसायचे सोडते. त्यात त्याचे दुखणे तिळभर कमी होत नाही. घरात एकाच्या जागी दोन रोगी होतात.

आणि तिसरी सावित्री. ज्येष्ठी पौर्णिमेला आपण वडाला दोरा गुंडाळतो, सात जन्म हाच नवरा मागतो. महाभारतातल्या सावित्रीने यमाकडे काय काय मागितले, ते कुणी आठवून पाहते का? सत्यवानाचे प्राण तिने सगळ्यात शेवटी मागितले. पहिला वर मागितला सासऱ्याच्या दृष्टीचा, कारण द्युमत्सेन आंधळे होते. दुसरा मागितला त्यांच्या गेलेल्या राज्याचा, कारण ते कुटुंब रानात राहत होते. तिसरा आपल्या वडिलांसाठी मागितला, कारण माहेरची चिंता होती. चौथा स्वतःच्या मुलांसाठी, आणि मग नवरा. शंभर मुलगे हा त्या काळाचा हिशेब आहे, तो आपण सोडून देऊ. पण तिची रीत बघा. नवरा परत आणायचा तर ज्या घरात आणायचा तिथे काम करू शकेल असे डोळस माणूस हवे, पोटापाण्याची सोय हवी. ती नुसती उपाशी बसून रडली नाही. यमाच्या मागे चालत गेली, वाद घातला, आणि एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली. आपण तिचा उपास उचलला. तिचे मागणे मात्र विसरलो.

मला आज एवढेच सांगायचे आहे. प्रेमाने केलेली सेवा खरी असते, मी ती केली आहे. पण सेवा करणारीने काही मागितले की तिचे प्रेम कमी पडले, ही समजूत खोटी आहे. जिथे मागता येत नाही तिथे सेवेची वेठबिगारी होते, आणि वेठबिगारीत प्रेम फार दिवस टिकत नाही.

पुराणे बाजूला ठेवून आपल्या मातीतल्या सावित्रीकडे येऊ. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत जोतीराव फुल्यांना महात्मा ही पदवी दिली गेली, आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. तरी त्यांनी डाव्या हाताने "सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक" लिहून काढले. ते छापून आले १८९१ साली, त्यांच्या पश्चात. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. हा काळ दोन वर्षांहून जास्त आहे. अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला लिहिण्यासाठी कुणीतरी बसते करावे लागते, दौत जवळ ठेवावी लागते, कागद धरावा लागतो, हे ज्यांनी असा रोगी सांभाळला आहे त्यांना सांगायला नको. आपण त्या डाव्या हाताची आठवण काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. त्या घरात आणखी दोन हात होते, त्यांची आठवण आपण काढत नाही. आणि सावित्रीबाई नुसती सेवा करणारी बायको नव्हती. आयुष्यभर शाळेत, बालहत्या प्रतिबंधक गृहात, सत्यशोधक समाजात ती नवऱ्याच्या बरोबरीने काम करत आली होती. ते गेल्यावर तिने काम पुढे चालवले, १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेची ती अध्यक्ष होती. तिने डोळ्यांवर पट्टी बांधली नाही. नवरा पडून असतानाही बाईचे स्वतःचे काम, स्वतःची बुद्धी शिल्लक राहू शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. बायको पडली तर काय होते?

आमच्या केंद्रात एक ३४ वर्षांची बाई आली, म्हणजे तिला आणले. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसली होती, पडली, मणक्याला इजा झाली, कमरेखालची संवेदना गेली. तीन महिन्यांनी नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले. म्हणाला, "तिथे तिचे नीट होईल." वर्षाच्या आत त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. हिचे दागिने सासरी, मुलगा सासरी, आणि ही म्हाताऱ्या आईच्या गळ्यात. म्हणजे सेवा इथेही बाईच करते आहे, फक्त बायकोच्या जागी आई आली. आपल्या हिंदू विवाह कायद्यात शरीर लुळे पडणे हे घटस्फोटाचे कारण नाही. म्हणून असे नवरे कोर्टात जातच नाहीत. ते नुसते आणून सोडतात. कागदावर लग्न तसेच राहते, आणि पोटगी मागायला जावे तर कोर्टाच्या पायऱ्या हिला चढता येत नाहीत.

कायद्यानेही या बाबतीत फार शहाणपण दाखवले असे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. कुष्ठरोग पूर्ण बरा करणारे औषधोपचार १९८० च्या दशकातच आले. कायद्यातले ते कारण निघाले २०१९ साली. मधल्या काळात बरे होऊ शकणाऱ्या किती बायका घराबाहेर पडल्या असतील, याची कल्पना करा. मी घटस्फोटाचे दार बंद करा असे म्हणत नाही. कुणालाच बळजबरीने संसारात डांबू नये. पण मोकळे होणे वेगळे आणि माणूस टाकून देणे वेगळे. मोकळे व्हायचे असेल त्याने पोटगी द्यावी, दागिने द्यावेत, उपचारांचा भार उचलावा, आणि मुलाला आईपासून तोडू नये.

उलट उदाहरणही सांगते, कारण तेही आपल्याच भागातले आहे. एका रिक्षावाल्याच्या बायकोला संधिवाताने इतके जखडले की तिला वेणी घालता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही. तो सकाळी तिची वेणी घालतो, स्वयंपाक करतो, दुपारच्या शाळेच्या फेऱ्या सोडून घरी येऊन तिला जेवू घालतो. गल्लीत अर्धे लोक त्याला बाईलवेडा म्हणतात, उरलेले त्याचा सत्कार करायला निघाले होते. तो मला म्हणाला, "ताई, शाल-नारळ नको. आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन तिच्याजवळ बसा, तेवढ्या फेऱ्या मला मारता येतील." बाईने केले तर कर्तव्य, पुरुषाने केले तर देवत्व नाहीतर टिंगल. या दोन्हींत त्या माणसाची गरज कुणाला दिसलीच नाही. आणि ती गरज माझ्या गरजेहून वेगळी नव्हती.

ही दोन घरे झाली. देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करण्यात रोज वेळ घालवतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. आणि ज्या करतात त्या दिवसाला सुमारे १४० मिनिटे करतात, पुरुष ७४ मिनिटे. यात मुले सांभाळणेही आले. स्वयंपाक, धुणी, भांडी यात धरलेली नाहीत, ती वेगळी. या कामाला पगार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्नाकडे येते. प्रेम होते म्हणून मी सेवा केली. पण जिथे प्रेम नव्हतेच, तिथे?

एक बाई आमच्याकडे पंधरा वर्षे येत-जात होती. नवऱ्याचा मार, दारू, दोनदा हात मोडलेला. मग एके दिवशी तो पडला, लकवा झाला. सासरचे लोक म्हणाले, "आता तुझी परीक्षा आहे. बायकोचा धर्म पाळ." ती मला विचारायला आली, "ताई, मी त्याला पाणी पाजायचे का?" मी म्हणाले, "पाणी कुणालाही पाजावे. पण तू त्याच्या सेवेला बांधलेली नाहीस. त्याला भाऊ आहेत, आई-बापाची जमीन आहे. त्याची जबाबदारी सगळ्यांची आहे, एकट्या तुझी नाही." तिने विचार केला आणि स्वतःच ठरवले. दोन वेळचे जेवण ती करून देते. उचलणे, धुणे-पुसणे त्याचे भाऊ करतात. ती मुलीला घेऊन वेगळ्या खोलीत राहते. गावाने नावे ठेवली. आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो. आजार माणसाला दुबळे करतो, पण त्याने आधी केलेले पुसून टाकत नाही. आणि आजार झाला म्हणून नव्याने प्रेम उपजत नाही.

मात्र त्याच बाईला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. आता त्या घरात दुबळा तो आहे. त्याला उपाशी ठेवणे, चिमटे काढणे, ओल्यात पडू देणे, हा सूड झाला. दुबळ्यावर हात उगारायचा नाही, हे तत्त्व आपण पुरुषांना शिकवतो. ते आपल्यालाही लागू आहे. करायचे नसेल तर उघडपणे नाही म्हणा, त्याची दुसरी सोय लावायला लावा. हो म्हणून छळू नका.

लग्नाला वर्ष-दोन वर्षे झालेल्या मुलींबद्दलही बोलले पाहिजे. नवऱ्याला अपघात झाला, तो कायमचा पडून आहे, ही बावीस वर्षांची. तिला शरीर आहे, तिला मूल हवे असेल, तिला पुन्हा संसार करावासा वाटेल. ती राहिली तर तिला सती-सावित्री म्हणू नका आणि ती निघाली तर तिला कुलटा म्हणू नका. तिचा निर्णय तिला घेऊ द्या, आणि त्या मुलाच्या देखभालीचा प्रश्न वेगळा सोडवा. आज आपण हे दोन प्रश्न एकत्र बांधतो आणि दोन्ही त्या मुलीच्या डोक्यावर ठेवतो.

मग प्रेम म्हणजे काय उरते? माझ्यापुरते सांगते.

लोक आमच्या घरी येतात आणि त्याच्यासमोर मला विचारतात, "जेवतात का हे? कळते का यांना?" डॉक्टरही असेच करतात. मी म्हणते, "त्यालाच विचारा." मग ते गोंधळतात, पण विचारतात. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. आम्ही थांबतो. सकाळी कोणता शर्ट, हे मी त्याला विचारते. दाढी तो डाव्या हाताने स्वतः करतो. त्याला अर्धा तास लागतो, मी पाच मिनिटांत करून देईन, पण तो अर्धा तास त्याचा आहे. माझ्या मते पडून असलेल्या माणसावरचे प्रेम पुष्कळदा यातच असते. त्याचे काम आपण पटकन उरकून टाकायचे नाही. त्याला देव करायचे नाही आणि तान्हे बाळही करायचे नाही. तो नवरा होता, माणूस होता, हट्टी होता. तो आजही हट्टी आहे, आणि मला त्याचा रागही येतो. राग आला म्हणजे प्रेम आटले असे नाही. ज्याच्यावर रागवता येते तो अजून आपल्या बरोबरीचा आहे.

आणखी एक. दोन वर्षे मी त्याची बायको आणि नर्स दोन्ही होते, आणि हळूहळू नुसती नर्सच उरले. त्याला हात लावायचा तो काहीतरी पुसायला, काहीतरी बदलायला. मग आम्ही हिशेब केला, दुसरे खर्च तोडले आणि सकाळी दोन तासांसाठी एक मामा ठेवले. ते त्याची आंघोळ घालतात, कपडे बदलतात, व्यायाम घेतात. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की संध्याकाळी मी त्याच्याजवळ नुसती बसते आहे. त्याचा हात हातात घेऊन, काही काम नसताना. पगारी माणूस ठेवला म्हणून आमचे प्रेम कमी झाले नाही, उलट ते आम्हाला परत मिळाले. म्हणून कुणी म्हणाले, "परक्याच्या हातात दिले का?" तर त्यांना हे सांगा. आणि हे मामा किंवा आया ठेवाल तेव्हा त्यांनाही घर आहे हे विसरू नका. वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी आणि बसून चहा. एका बाईची सुटका दुसरीच्या वेठीवर उभी करायची नाही.

पण मामा ठेवायला पैसे लागतात, आणि बहुतेक घरांत ते नसतात. म्हणून आता मागण्यांकडे आणि थोड्या उपयोगी माहितीकडे येते.

पहिले पैशांचे. नवऱ्याचे खाते फक्त त्याच्या नावावर असेल तर तो पडल्या दिवसापासून घर अडते. मला एका बँकेत सांगण्यात आले, "त्यांना इथे घेऊन या." स्ट्रेचरवर आणू का, असे मी विचारले. रिझर्व्ह बँकेचे नियम तसे नाहीत. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही. तो बँकेत येऊ शकत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर उठवलेला अंगठा चालतो, आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हे माहीत असू द्या. त्याहून सोपे म्हणजे आजच, सगळे धडधाकट असताना, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असे संयुक्त खाते करा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. कंत्राट कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी.

दुसरे, माणूस कोमात असेल तर. अल्पवयीन मुलाचा पालक कसा नेमायचा याला १८९० पासून कायदा आहे. कोमातल्या प्रौढ माणसासाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. बायकोला उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्नीला कोमातल्या पतीची पालक नेमले. निर्णय चांगले आहेत. पण शेतमजुरी करणाऱ्या बाईने नवऱ्याच्या खात्यातले पैसे काढायला उच्च न्यायालय गाठायचे, ही रीत झाली का? हा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी, कमी खर्चात मिळाला पाहिजे. त्यासाठी कायदा हवा.

तिसरे, सरकारच्या आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यातला खर्च उचलतात. घरी पाठवले की खरी देखभाल सुरू होते, आणि तिथे हात आखडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची तरतूद आहे. मात्र ती सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असेही लिहून ठेवले आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी "आश्वासकिरणम्" ही योजना काढली, महिना ६०० रुपयांची. रक्कम नगण्य आहे. पण सांभाळणारी बाई काहीतरी काम करते, हे सरकारी कागदावर आले, याला मी महत्त्व देते. त्याच राज्यात १९९३ पासून कोळिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक आणि परिचारिका अशा रोग्यांच्या घरी जाऊ लागल्या, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. मग आपल्याकडे का नाही?

म्हणून आपल्या मागण्या अशा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी परिचारिकेची ठरावीक भेट. देखभाल करणाऱ्याला भत्ता, मग ती बाई असो की पुरुष. नोकरी करणाऱ्याला देखभालीसाठी रजा. तालुक्याच्या ठिकाणी अशी जागा, जिथे रोग्याला आठ दिवस ठेवता येईल आणि सांभाळणाऱ्या माणसाला झोपता येईल. आणि माहेरी आणून सोडलेल्या आजारी बाईला, कोर्टात न जाता घरी बसून पोटगीचा अर्ज करता यावा.

हे सगळे मिळेपर्यंत आपणही काही करू शकतो. प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीतल्या अशा घरांची यादी करावी, बाई पडून असलेल्या घरांची आणि पुरुष पडून असलेल्या घरांचीही. त्या घरी जाऊन "तुम्ही सावित्री आहात" असे म्हणू नये. "कोणत्या दिवशी येऊ?" असे विचारावे. आमच्या गटाने हे गेल्या वर्षी सुरू केले. सात घरे आहेत आणि अकरा बायका, तीन पुरुष आळीपाळीने जातात. आठवड्यातून एक रात्र, नाहीतर एक दुपार. फार मोठे काम नाही, पण त्या रात्री एक बाई सलग सहा तास झोपते.

दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवला आहे. जेवायला जाताना त्यावर आपले नाव, गाव आणि मोकळा वार लिहून जा.